माळकरी मांजर

६ जानेवारी २०२५, सोमवार.
मनी वाळत चालली आहे. खाते मात्र दुप्पट. सकाळी दूधपोळी, दहाला भात, दुपारी पुन्हा भात, आणि तरी ताटलीपाशी बसून अशी बघते जणू मी सावत्र आई. बारा वर्षांची मांजर आज पडद्यावर चढली. हे म्हणाले, म्हातारपणी चळ लागला तिले. मला वेगळाच डाऊट आहे. खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणजे कोणाची तरी नजर. उद्यापासून पाळत.

८ जानेवारी, बुधवार. सकाळी ७.
मनी शेजारच्या मेघाच्या ओट्यावर! मेघा आरोग्य केंद्रात नर्स आहे, नवरा चंद्रपूरला. म्हणे, मी नाई बोलावत काकू, तीच येते. सगळे असंच म्हणतात. मी तिच्याकडे पाणीसुद्धा घेत नाही. मासोळी शिजते म्हणून, दुसरं काही नाही. मनीची त्या बाबतीत काळजी नाही. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून ती शुद्ध शाकाहारी. उंदीर मारते, पण खाताना मी पाहिलेलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार. एकादशी.
मनीचाही उपास. साबुदाणा दिला, तोही सोडला. अशी भक्ती माणसात नाही.
दुपारी मांडीवर घेतली तर काळीज शिलाई मशीनसारखं चाललेलं. घाबरून ढोरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर सुरभी मॅडम, नवीन पोरगी. गळा चाचपून म्हणे, आजी, थायरॉइड दिसते, रक्त नागपूरला पाठवावं लागेल. बाहेर बैल बांधलेले, आत मांजर, आणि रोग मात्र पुण्या-मुंबईचा! कमिशन असणार. तरी रक्त दिलं. हे उद्या थर्मासात बर्फ घालून नेणार, जाम फाट्यावर बस बदलून. त्या थर्मासातला चहा मी आता पिणार नाही.

१३ जानेवारी, सोमवार.
थायरॉइडच. वाढलेला. मॅडम म्हणे, औषध नाही दिलं तर काळीज थकून जाईल, फार दिवस काढणार नाही. अर्धी गोळी सकाळी सातला, अर्धी संध्याकाळी सातला, जन्मभर. महिन्याने पुन्हा रक्त.
आणि गोळी कोणती, तर माणसांची. मेडिकलवाल्या ओमप्रकाशला विचारलं, हे माणसाचं औषध नं रे? तो म्हणे, हो काकू, पण मांजरीले सांगू नका.
शिवाय समोरच्या वच्छलाबाईलाही थायरॉइड आहे. ती फुगली, मनी वाळली. एकच रोग दोघींना उलटा कसा? मॅट्रिकला शास्त्रात मला बासष्ट होते. मला फसवणं सोपं नाही.
दिवा लावताना रडू आलं. पोरगी सासरी गेली त्याच महिन्यात मनी आली होती.

१४ जानेवारी. संक्रांत.
गोळी तिळगुळात दडवली. मनीने तिळगूळ चाटला, गोळी पाटाखाली. मग पेढ्यात घातली. तो पेढा यांनी खाल्ला. सांगितल्यावर छातीवर हात ठेवून बसले, म्हणे, मले काऊन धडधडून राह्यलं आता? शेवटी मनीला टॉवेलात गुंडाळलं. गोळी माझ्या पदरात, हातावर चार ओरखडे.

१६ जानेवारी, गुरुवार.
निर्णय पक्का. गोळ्या बंद. देवळातला अंगारा सुरू, दुधात चिमूटभर, दोन वेळा. श्रद्धेला साइड इफेक्ट नसतो.
गोळ्यांची पट्टी वाया कशाला घालवायची, मॅडमच्या चिठ्ठीसकट मेघाला दिली. म्हटलं, तुझ्या सेंटरवर एखाद्या गरिबाच्या कामी येईल. तिने पट्टीकडे पाहिलं, मनीकडे पाहिलं, म्हणे, येईल नं काकू कामी. संक्रांतीचं दान झालं. पण ती हसली का?

२४ जानेवारी, शुक्रवार.
गंभीर. मनीच्या माळेची गाठ माझी नाही. मी दोन फेऱ्यांची घट्ट मारते. ही फुलपाखरासारखी. म्हणजे कोणीतरी माळ काढते आणि परत घालते. मणी मोजले, पूर्ण आहेत. मग काढते कशाला? यांना सांगितलं तर म्हणे, तू पोलिसात काऊन नाई गेली? करणीबिरणी मी मानत नाही. दाराला लिंबू-मिरची बांधली ती घराच्या शोभेसाठी.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
अंगारा लागू पडला! पाठीची हाडं दिसेनाशी झाली. पडदे शाबूत. दुपारभर झोपते.
एकच खटकतं. सकाळी सात, संध्याकाळी सात, टायमिंग चुकवत नाही, मेघाकडे जाते. परत येते ती ओठ चाटत. तोंडाला वासही येतो. अंगाऱ्याला पूर्वी असा वास नव्हता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
दुसरा रिपोर्ट नॉर्मल. मॅडम खूश. म्हणे, आजी, इतक्या नियमाने गोळी देणारं माणूस मी पाहिलं नाही.  अंगाऱ्याचं सांगितलं असतं तर बिचारीच्या शिक्षणाचा अपमान झाला असता.
वच्छलाबाईला अंगाऱ्याची पुडी दिली. तुझी गोळी मात्र सोडू नको, असंही बजावलं. जबाबदारी कोण घेईल?

२० फेब्रुवारी, गुरुवार.
मेघा पंधरा दिवस नागपूरला ट्रेनिंगला. कुंड्यांना पाणी घाला म्हणून चावी देऊन गेली. ऑटोत बसताना मनी, फ्रीज, डबा असं काहीबाही ओरडत होती. मी म्हटलं, जाय बाई, मांजर माझी आहे. सुटले.

२६ फेब्रुवारी. महाशिवरात्र.
मनी पुन्हा पडद्यावर. पुन्हा ती शिलाई मशीन. अंगारा दुप्पट केला. आता पुजाऱ्यावर डाऊट येतो. चुलीतली राख देत असावा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
मनी खाते आणि ओकते. तोंड उघडं टाकून धापा टाकत होती. मी तिच्याजवळ जमिनीवरच बसून होते, तेवढ्यात मेघाचा फोन. काकू, मनीची गोळी देता नं? मी म्हटलं, कोणती गोळी?  ती म्हणे, सांगतलं होतं नं जाताना. फ्रीजवर डबा आहे, वहीत सगळं लिहून आहे. रागावू नका काकू.
कुलूप उघडलं. डब्यात गोळ्या, सुकटीची बरणी आणि एक वही. १६ जानेवारीपासून रोज दोन खुणा, सात आणि सात. एक दिवस चुकलेला नाही. माझ्या या वहीत किती दिवस गाळले आहेत ते मी मोजलं नाही. पहिल्या पानावर ठळक अक्षरात: गोळी सुकटीत दाबणे. आधी माळ काढणे. मनीने तोंड पुसल्यावर परत घालणे.
तिथेच स्टुलावर बसले.  तिच्या माठातलं पाणी प्यायले.
मॅडमना फोन करून खरं सांगितलं. त्या रागावल्या. मग म्हणाल्या, पुन्हा सुरू करा, सोमवारी घेऊन या. संध्याकाळची गोळी सांडशीने दिली. मनी सांडशीला घाबरून माळ्यावर जाऊन बसली.

१ मार्च, शनिवार. सकाळी ७.
मनीची माळ काढून देवाजवळ ठेवली. आज सुकट हातानेच धरली, जन्मात पहिल्यांदा. हे दारातून म्हणाले, दुसऱ्या हातानं नाक काऊन धरलं? मनीने सुकट हुंगली. माझ्याकडे पाहिलं. सुकटीकडे पाहिलं. माझ्या पाठीमागे मेघा आहे का, तेही वाकून पाहिलं. पाच मिनिटं तशीच बसली. मग खाल्लं, गोळीसकट.
तिने तोंड पुसल्यावर माळ घातली. मेघाच्या वहीत आठ दिवसांचे रकाने रिकामे सोडून खूण केली.
इतकी संशयी मांजर मी पाहिली नाही. कोणावर गेली, देव जाणे.