भोपळ्यातली शरदिनी

दुर्गाघाट, काशी
९ डिसेंबर १९९६

चि. विश्वेश यास शरदूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पार्सल दसऱ्याच्या सुमारास मिळालं. उत्तराला दोन महिने लागले म्हणून तू तोंड फुगवून बसला असशील. बस खुशाल. नऊ वर्षं घरात पाऊल न टाकणाऱ्याने दोन महिन्यांचं बोलू नये.

इकडे सगळं ठीक. देवदिवाळी झाली, घाटावर यंदाही पाय ठेवायला जागा नव्हती. यांची ड्यूटी मुगलसरायलाच, आठवड्यातले चार दिवस तिकडेच राहतात. ईशानी सहावीत गेली. घरात मराठी बोल म्हटलं की "बोलतेय ना, मम्मी" एवढं मराठीत म्हणते आणि पुढचं सगळं हिंदीत. थंडी पडली आहे. नानांची प्रकृती बरी आहे.

तुझी कॅसेट बघितली. यांनी कुणाकडून तरी जुना व्हीसीआर आणलाय, तो मधेच कुरकुरतो, पण चालतो. तू लिहिलंच होतंस की मूळचे सिनेमे म्हणे फार गाजलेले, गंभीर, अंतराळातल्या भीतीचे, आणि तुमच्या कंपनीचं काम त्यांची टिंगल करणारी कार्टूनं रंगवायचं. पहिल्यात यानातला तो बोलणारा फ्रिज! माणसं भुकेने कळवळतात आणि हा दार उघडत नाही, वर गोड आवाजात माफी मागतो. दुसऱ्यात शहर तुडवणारा राक्षस म्हणजे मांजराचं पिल्लू. पण आमच्या घरात गाजली ती तिसरी गोष्ट, भोपळ्यांची.

आकाशातून भोपळे पडतात, फुटतात, आणि एकेका भोपळ्यातून गावातलंच एकेक माणूस बाहेर येतं. तोच चेहरा, तेच कपडे. खरं माणूस कुठे गेलं ते कुणी सांगत नाही. मग खोटे ओळखायचे कसे? तर ते फार हुशार असतात. ज्या आचाऱ्याला साधा भात लावता येत नव्हता तो पंगतीचा स्वयंपाक करतो. ज्या पोस्टमनने जन्मात पेटीला हात लावला नाही तो दोन्ही हातांनी पियानो बडवतो, आणि सगळं गाव किंचाळत पळत सुटतं.

नाना पहिल्या दिवशी दाराआडून बघत होते. दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसले. ईशानी त्यांना समजावून सांगायची, "नाना, ये असली नहीं है, भोपळ्यातून निकला है. असली को ये आता ही नहीं." पोस्टमनच्या वेळी नाना इतके हसले की डोळ्यांना उपरणं लावावं लागलं. आणि मग हळूच विचारलं, "यातलं त्याने काय केलंय?"

तू वेदाचा घनपाठ अर्धा टाकून मुंबईला चित्रं रंगवायला गेलास, त्यानंतर नानांनी तुझं नाव काढलं नव्हतं. तुझं नाव घेतलं की उठून जायचे. ईशानीने सांगितलं की भोपळ्यांचा नारिंगी रंग मामाचा. त्यांनी ती जागा तीनदा मागे नेऊन बघितली आणि म्हणाले, रंग बरा लागलाय. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्याच संध्याकाळी तुला पत्र लिहायचं म्हणून आंतर्देशीय आणून ठेवलं होतं. ते अजून कोरंच आहे.

वर नानांची प्रकृती बरी आहे असं लिहिलंय. ते खोडत नाही, पण ते खरं नाही.

गेल्या वर्षापासून ते विसरतात. आधी चष्मा, मग गल्ली. मला आईच्या नावाने हाक मारायचे, मी ओ द्यायचे. विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की स्मृतीचा आजार आहे, वाढत जाणार, जपा. सकाळचं पठण मात्र जसंच्या तसं होतं. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन. शब्द असे पुढे-मागे विणलेले, की एकही हलू नये. मला वाटायचं, एवढं आहे तोवर नाना आहेत.

आता एक गोष्ट सांगते, ती मी आईलाही सांगितली नव्हती.

विश्वेश, मला घन येतो. सगळा. तू आठ वर्षांचा होतास आणि नाना तुला ओसरीवर शिकवायचे तेव्हा मी आत तांदूळ निवडत असायचे. ऐकून ऐकून बसला. बायकांनी म्हणायचा नाही म्हणून ओठसुद्धा हलवले नाहीत. तू चुकलास की आतून पळी वाजायची, आठवतं? नानांच्या लक्षात यायच्या आत तू मागे जाऊन सुधारायचास. तू समजायचास मांजराने भांडं पाडलं. मांजर मी होते.

तर दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी नाना पहिल्यांदा अडले. दोन-एक म्हटलं आणि पुढे काही येईना. पुन्हा मागून आले, पुन्हा तिथेच. त्यांचा हात मांडीवर तसाच उचललेला. मला बघवेना. मी परात हातात घेऊन उभी होते आणि माझ्या तोंडून पुढचं निघून गेलं. नुसता शब्द नाही, स्वरासकट, ओळ पुरी.

मला वाटलं होतं रागावतील. फार तर विचारतील, पोरी, कधी शिकलीस. खोटं कशाला बोलू, मनात कुठेतरी आशा होती की शाबास म्हणतील.

ते भिंतीला टेकले. माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. म्हणाले, "माझ्या शरदिनीला हे येत नाही."

त्या दिवसापासून मी भोपळ्यातली.

हसू नकोस. मीही आधी हसण्यावारी नेलं. मग ते माझ्या हातचं दूध आधी मांजराला पाजू लागले. दुपारी खोलीला आतून कडी. मी जवळून गेले की अंग चोरतात. माझे वडील, ज्यांनी मला खांद्यावर बसवून पंचगंगा घाटापर्यंत नेलं, ते मला भितात. आणि मी त्यांना भिते. जिन्यावर त्यांचं पाऊल वाजलं की मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटतं ते लिहिते. यांना सांगितलं तर म्हणाले, टीव्ही बंद करा. कॅसेट मी पिठाच्या डब्यामागे लपवली. त्याने काय होणार. गोष्ट डोक्यात शिरली ती शिरलीच. तू मात्र स्वतःला दोष देऊ नकोस. भोपळे तुझे असतील, घन माझा होता.

गेल्या बुधवारी ईशानीला शाळेतून आणायला गेले तर बाईंनी सांगितलं, आजोबा केव्हाच घेऊन गेले. सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. पायात चप्पल होती की नाही ते मला आठवत नाही. शेवटी एका नाववाल्याने सांगितलं, पंडितजी बच्ची को लेकर अहिल्याबाई घाट की तरफ गए हैं.

खालच्या पायऱ्यांवर होते. शेवाळाच्या, पाणी लागतं तिथे. ईशानीचं मनगट धरलेलं, इतकं घट्ट की बोटं पांढरी पडली होती. ती रडतसुद्धा नव्हती. ती म्हणाली, मम्मी, नाना कह रहे हैं असली मम्मी को ढूँढने चलो, उस पार.

मी दोन पायऱ्या उतरले. नाना तिला मागे ढकलून मधे उभे राहिले. तिच्या मागे गंगा. म्हणाले, "जवळ येऊ नकोस. माझ्या मुलीला कुठे ठेवलंस तेवढं सांग."

सत्तर वर्षांचा म्हातारा, धोतर भिजलेलं, नातीला माझ्यापासून वाचवत होता. त्या भीतीतही मला त्यांचा अभिमान वाटला, काय सांगू तुला.

मग त्यांनी मला पळवून लावायला घन म्हणायला सुरुवात केली. भूत पळवतात तसा, मोठ्याने. आणि त्याच जागी अडले. एक-दोन, दोन-एक, आणि पुढे काही नाही. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला कळलं, ते माझी परीक्षा घेताहेत. पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता. ईशानीची टाच पाण्यात होती.

मी म्हटलं, "मला येत नाही, नाना."

मग त्यांची बोटं सुटली. म्हणाले, "शरदे, तू कधी आलीस? बघ, पोरीचे पाय ओले झालेत."

तिघं रिक्षाने चौकापर्यंत आलो. रिक्षात त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं.

ईशानीला आता एकटी सोडत नाही. ती नानांजवळ बसते, पण दाराच्या बाजूला बसते. अकरा वर्षांच्या मुलीने असं बसायला शिकावं, हे मला सहन होत नाही. आणि नाना रोज चुकतात. आधी एक जागा होती, आता चार आहेत. मी गप्प राहते. त्यांच्या आजोबांपासून आलेलं माझ्या डोळ्यांदेखत उसवतंय आणि मी आतून पळीसुद्धा वाजवत नाही.

म्हणून तू ये. रागावून नाही, विनवून लिहिते. मला एकटीने होत नाही. ते मला कधी ओळखतील, कधी नाही, याचा भरवसा नाही, आणि तुला ओळखतील का, ही भीती तर मी तुझ्यापासून लपवतच होते. घरात शिरताना घन म्हणत ये. आणि ऐक, उजळणी करून येऊ नकोस. जिथे तू लहानपणी चुकायचास तिथेच चूक. तसा चुकणारा एकच आहे, हे नानांना ठाऊक आहे.

आणखी एक मागते. आलास की एक दिवस आपण दोघं नावेने पलीकडे वाळूवर जाऊ, नानांच्या कानावर पडणार नाही इतक्या लांब. मी तुला सगळा घन म्हणून दाखवीन. एकदा तरी कुणीतरी ऐकावा. ऐकून झालं की आपण परत येऊ, आणि मी पुन्हा विसरीन.

आज सकाळी त्यांनी अख्खी एक ओळ गाळली. मी पोळी लाटत राहिले. नंतर माझ्या हातच्या दोन पोळ्या जेवले, मांजराला न देता.

लवकर ये.

जिला काही येत नाही, ती तुझी
शरदूताई