साहेबाच्या पेटीतली घंटा

कल्याण, ता. १० नोव्हेंबर १८९३.
आज आले ते असे. बॅगाटेल नावाच्या खेळाची पेटी एक, ठाण्याला साहेबाच्या लिलावात, रुपये सव्वाआठ. आगगाडीचे भाडे सहा आणे. हमाल चार आणे (दोन पुरते). वीज निघते ती काचेची बरणी पेटीबरोबर फुकट.
उतरती फळी, तीवर खिळे नि भोके. दांडा ओढून सोडला की गोळी वर उडते, खिळ्यांतून घरंगळत येते. मधल्या भोकात पडली तर घंटा वाजायची. वाजत नाही. सव्वाआठ रुपये मुकी पेटी आणण्यात गेले म्हणून मामंजी इकडच्या स्वारीला फार बोलले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, मॅट्रिक झालेली सून आहे ना घरात, वाजव म्हणावं. तुळशीच्या लग्नापर्यंत वाजली तर तुझ्या हेमाला पुण्याच्या शाळेत धाडू. नाही तर चौथी झाली तेवढी पुरे, स्थळं बघू.
हेमाला दहावे सरते आहे. मी हो म्हटले. परीक्षेला विजेवर दोन पाने होती. काळजीचे कारण नाही.

ता. ११.
पेटी साहेबाच्या घरची, तेव्हा आधी शुद्धी. सासूबाई तिला माजघरात येऊ देईनात. गोमूत्र शिंपडले. तारांवर सुताचे वेष्टण निघाले. रेशीम असते तर चालले असते, धातूला तर दोषच नाही. पण साहेबाच्या घरचे वापरलेले सूत देवघराशेजारी कसे ठेवावे? सगळे उसवले. तारा चिंच नि राख लावून घासल्या, सोन्याच्या गोफासारख्या झाल्या. सुताने केरसुणी बांधली.
निम्मे काम झाले असे समजते.

ता. १३.
बरणीत नवसागराचे पाणी लागते. कल्हईवाला दोन आणे सांगतो. घरात मिठागराचे मीठ आहे. क्षार तो क्षार, म्हणून तेच घातले. वाजली नाही. दोष बरणीचा.
मामंजी संध्या आटोपून येतात, दांडा ओढतात, कानामागे हात धरून बसतात. आज म्हणाले, अगं, शास्त्र काय म्हणतं तुझं? मी म्हटले, मुरते आहे. म्हणाले, लोणचं आहे का ते.
स्टेशनातल्या तारमास्तरांना बोलावू का, असे इकडून विचारणे झाले. नको म्हटले. श्रेय तारमास्तरांना जाईल नि हेमा राहील घरी.

ता. १६, सकाळी.
नवसागर आणला. (दीड आण्यात.) ओतला मात्र, घंटा वाजू लागली. हेमा म्हणाली, आई, गोळी तर माझ्या हातात आहे. तिला सांगितले, वीज गोळीहून चपळ असते. देवापुढे साखर ठेवली.
मामंजी ओल्या पंच्यानिशी आले. वाजते खरी, म्हणाले. बरं, आता थांबव.

तोच दिवस, संध्याकाळ.
वाजतेच आहे. शेजारच्या गोदूबाई नारळ घेऊन आल्या, देवाने कौल दिला म्हणून. सासूबाईंनी ठेवून घेतला. मामंजी जपाची माळ घेऊन गोदूबाईंच्या ओटीवर गेले. जाताना म्हणाले, वाजव म्हटलं होतं, पिसाळव नव्हतं म्हटलं. आता अट अशी की गोळी पडली तर वाजावी, एरवी गप्प.
हा अन्याय आहे. बरणीची तार काढून ठेव असे इकडचे म्हणणे. मी नाही काढणार. चालू यश कोणी हाताने बंद करते काय?

ता. १७.
आपोआप थांबली. म्हणजे माझ्या आटोक्यात येते आहे.

ता. १९.
नवा नवसागर. पुन्हा ठणाणा. उद्या तुळशीचे लग्न. अथर्वशीर्ष म्हणून फळीचे खिळे पुसले. दोष खिळ्यांचा असावा.
दुपारी हेमा फळीखाली डोके घालून म्हणाली, आई, या दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्यात. सूत होतं तेव्हा चिकटत नसतील. मी म्हटले, चिकटेनात का, एकाच पेटीतल्या आहेत. तिने पत्रावळीचे पान मधे सारले. घंटा गप्प. गोळी सोडली, भोकात पडली, तेव्हा एकदाच वाजली.
मी तेच करणार होते, खिळे पुसून झाल्यावर.
मामंजी दारातच उभे होते. इकडे वळून म्हणाले, पोरीला धाडा पुण्याला. घरात एकीला तरी पुरतं शिकू द्या.
अखेर माझ्या विद्येचा मान त्यांनी राखला.

ता. २०.
लग्न लागले. हेमाने मंगलाष्टकांच्या शेवटी गोळी सोडून घंटा वाजवली. मामंजींनी दोनदा वाजवायला लावली. मी स्वयंपाकघरात होते.
पुण्याला धाकट्या भावास पत्र लिहिले, त्याची नक्कल:
चि. विश्रामास अनेक आशीर्वाद. हेमा जानेवारीत तुझ्याकडे येते. कांदा खात नाही. दिव्याशी फार वेळ वाचू देऊ नये. त्या शाळेत मुलींना विजेचा विषय शिकवतात काय? शिकवीत असल्यास पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्या. दुसरी जुनी, फाटकी चालेल, इकडे पाठवावी. ती कोणासाठी, हे विचारू नये. किंमत उलट टपाली कळवावी.