चौऱ्याऐंशी नंबरच्या कानात

१९ ऑगस्ट

आज तीन ध्रुवीय अस्वलं भूल देऊन तपासली. दोन नर, एक मादी. नरांना गळ्यात माग काढायचा पट्टा घालून उपयोग नाही, त्यांची मान डोक्यापेक्षा जाड. घातला की टोपीसारखा काढून फेकतात. त्यामुळे माझं सगळं ज्ञान बायकांबद्दलचं! तिमोथी दरवेळी हेच म्हणतो, "वहिनी, तुझे नवरे काही पट्ट्यात राहत नाहीत, सगळे सुटतात." आजही म्हणाला आणि मग त्याचंच तोंड पडलं. धाकटा दीर माझा, बंदूक घेऊन राखणीला असतो. बोलून गेला बिचारा. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मादी नंबर चौऱ्याऐंशी. वजन दोनशे नव्वद किलो. चरबीच चरबी — पोटुशी असणार. वय कळावं म्हणून एक बारीक दात काढून घेतला. पट्टा दोन वर्षांनी आपोआप उघडेल.

आणखी एक गोष्ट केली. ती उद्या लिहीन. की लिहूच नये?

२० ऑगस्ट

लिहिते.

तिमोथी आणि पायलट वजनाची तिकाटणी उभी करत होते. मी तिच्या डोक्यापाशी एकटी. भुलीत अस्वलाचे डोळे उघडे राहतात, म्हणून मलम घालून वर फडकं टाकायचं. फडकं हेलिकॉप्टरमध्येच राहिलेलं. मी माझा मफलर काढला. माझा म्हणजे नवऱ्याचा. तो टाकला. श्वास मोजायला वाकले. मिनिटाला सहा. सीलच्या चरबीचा वास. त्याच्या कोटाला हाच वास असायचा, घरात शिरायच्या आधी वास शिरायचा. आणि माझ्या तोंडून त्याचं नाव गेलं. तिच्या कानात. एकदा नाही, तीनदा!

तीन वर्षं तोंडातून काढलं नव्हतं. इथेही लिहिणार नाही. आमच्यात गेलेल्याचं नाव बाळाच्या कानात सांगून त्याला देईपर्यंत उच्चारायचं नसतं. आणि तो गेला असं मी अजून म्हटलेलंच नाही. त्या जूनमध्ये समुद्रावरचा बर्फ फुटला. त्याची स्लेज मिळाली, तो मिळाला नाही. मग गेला कशावरून?

तिचा कान हलला. भुलीत हलतो कधीकधी, त्यात विशेष काही नाही. शास्त्रज्ञ आहे मी!

२ सप्टेंबर

सासूबाईंची आई शाळेतून थेट इकडे आली. दुसरीत गेली यंदा. पुढचा दात पडलाय. "बस गं आई, दमलीस," म्हणत सासूबाईंनी तिच्यापुढे कॅरिबू हरणाचं सुकं मांस ठेवलं. तिला चावेना, तर स्वतः चावून मऊ करून भरवत बसल्या. शेजाऱ्यांची पोर, पण नाव सासूबाईंच्या आईचं, म्हणजे आईच ती. मी लहान असताना माझा मामा मला आजी म्हणायचा आणि माझ्यासमोर शिवी द्यायला घाबरायचा.

पोर गेल्यावर विषय निघालाच.

"जेमायमाला सातवा संपत आला."

जेमायमा म्हणजे तिमोथीची बायको. मी नुसतं हं म्हटलं.

"हं काय हं? घरात दोन बाळं झाली, दोन्ही वेळा तू नाही म्हणून मान हलवलीस. तू हो म्हटल्याशिवाय मी त्याचं नाव कुणाला देणार नाही, हे कबूल. पण माझ्या लेकाला किती दिवस बाहेर थंडीत उभं ठेवणार आहेस?"

तिमोथी म्हणाला, "आणि मुलगी झाली तर?"

"मग मुलगी होऊन येईल! नावाला काय मिशा असतात?"

बघू, म्हटलं. आता कसं सांगू यांना?

९ सप्टेंबर

चौऱ्याऐंशी रोज दहा-अकरा किलोमीटर चालतेय. पट्ट्याचा ठिपका बघायला सकाळी चहाच्या आधी नकाशा उघडते. तो होता तेव्हा कुठवर पोचलास म्हणून एकदाही विचारलं नाही मी. येईलच संध्याकाळी, असं धरून चालले होते.

२८ सप्टेंबर

लग्नाचा वाढदिवस. ठिपका चार किलोमीटर गावाच्या दिशेनं सरकला. वेडेपणा आहे, कळतं मला. तरी दिवसभर गालातल्या गालात हसत होते.

१४ ऑक्टोबर

जेमायमा आज विमानानं गेली. गावात बाळंतपणाची सोय नाही, महिनाभर आधी निघावं लागतं. शिडीवरून ओरडली, "जाऊबाई, काय ते ठरवा हं! मी काय, कुठल्याही नावानं हाक मारीन!" मी हात हलवला. तिला वाटलं हो म्हटलं.

ठिपका पाच दिवस एका जागी. तळ्याकाठी. बिळात गेली असेल तर उत्तम, पिल्लं होतील. मेली असेल तर — नको. पट्टा गळून पडला असेल? नवाकोरा पट्टा आठ आठवड्यांत गळत नाही. बिळातच असणार. असू दे बाई, बिळातच असू दे.

४ नोव्हेंबर

मुलगी झाली! तीन किलो. तिमोथी फोन हातात घेऊन नाचला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "जेमायमाच्या मावशीचं द्या नाव. चांगली होती बाई."

सासूबाई उठून आत गेल्या, चहा तसाच राहिला.

९ नोव्हेंबर

बाळ पाच दिवस रडतंय. धड दूध घेत नाही. दवाखान्यात सगळं तपासलं, काही सापडत नाही. वजन उतरलं. आता फोनवर जेमायमाही रडते.

सासूबाईंनी फोन ठेवला आणि माझ्यापुढे येऊन बसल्या. "तुला कुणी दुसऱ्याच नावानं हाक मारली, तर देशील का ओ?"

"अहो, बाळं रडतात."

"ते मलाही माहीत आहे. चार वाढवलीत. हे मागणारं रडणं आहे. आणि काय मागतंय ते तुलाही कळतंय."

मग मी सांगून टाकलं. देता येत नाही म्हटलं, देऊन बसलेय. कुणाला? चौऱ्याऐंशीला.

वाटलं आता घराबाहेर काढतात. अस्वलाबद्दल कुणी वावगं बोललेलंसुद्धा त्यांना खपत नाही, त्याला ऐकू जातं म्हणतात. आणि मी तर घरातलं माणूसच त्याच्या कानात ओतून आले. सासूबाईंनी विचारलं, "पट्टा घातलास? गळ्यात? त्याला?"

"हो."

"अगं, लहानपणी टोपीचा बंद बांधला तर सोडेपर्यंत गाव डोक्यावर घ्यायचा तो! बारा वर्षं संसार केलास, एवढं माहीत नाही तुला?"

आणि हसायलाच लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. मग मीही. तीन वर्षांत आम्ही दोघी एकत्र रडलो नव्हतो. मला वाटायचं मी रडले तर त्याचा अर्थ तो गेला असा होईल.

डोळे पुसून म्हणाल्या, "जा. तिथं असेल तर माफी माग. आणि नाव परत मागून घे."

१२ नोव्हेंबर

तिमोथीबरोबर गेले. स्नोमोबाइलवर चार तास.

बीळ नाही. हाडं नाहीत, रक्त नाही, ओढल्याची खूण नाही. खुरट्या झुडपात पट्टा पडलेला, अर्धा बर्फात. तुटलेला नव्हता, कडी नीट उघडली होती. महिनाभर मी एका रिकाम्या पट्ट्याकडे बघून चहा पीत होते!

तिमोथीनं तो उचलला, बर्फ झटकला. या वेळी थट्टा नव्हती त्याच्या आवाजात. "हाही सुटला, वहिनी."

"हो रे," मी म्हटलं. "गेला तो."

मोठ्यानं म्हटलं. पहिल्यांदा. तिमोथीनं तोंड फिरवलं आणि उगाच इंजिनाशी खुडबूड करत राहिला. मी तळ्याकडे तोंड करून माफी मागितली, मग नाव मागितलं. कुणी उत्तर दिलं असं लिहिणार नाही. दिलं नाही. वारा तेवढा होता, आणि खूप थंडी.

अहवालात लिहिलं: कडीच्या स्प्रिंगमध्ये बिघाड. बिघाडच असणार. सासूबाईंनी पट्टा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "सांगितलं नव्हतं?"

१३ नोव्हेंबर

जेमायमाला फोन बाळाच्या कानाला लावायला सांगितलं. नाव सांगितलं एकदाचं. एकदाच.

पलीकडे रडणं चालूच! आम्ही तिघं फोनभोवती कान लावून. दहा मिनिटं. काही फरक नाही. माझा चेहरा बघून सासूबाई म्हणाल्या, "विचार करत असेल. तो लगेच हो कधी म्हणायचा?"

१४ नोव्हेंबर

फोन आला नाही. नकाशा उघडायची सवय, उघडला. ठिपका नाही आता. बंद केला.

२४ नोव्हेंबर

जेमायमा बाळाला घेऊन दुपारच्या विमानानं आली. मोजमाप मीच घेतलं.

नंबर: नाही. नाव: अंगालिक. मादी. वय: वीस दिवस. वजन: तीन किलो चारशे. दात: एकही नाही. श्वास: मिनिटाला चाळीस. दूध नीट पितो. टोपीचा बंद मी बांधला तर लालबुंद होऊन किंचाळला. सोडला, तेव्हा गप्प झाला. आता माझं बोट घट्ट धरून माझा नवरा झोपलाय.