चंबूतली हवा

४ जानेवारी

प्रिय मास्तरीणबाईंस,
अ. उ. आशीर्वाद.

आजवर तुला 'चि. सौ. वहिनी' लिहीत आले. आज 'सौ.'पाशी पेन अडलं, म्हणून हा थट्टेतला मायना. राग मानू नकोस.

तू शाळेत जाऊ लागलीस हे तुझ्या शेजारणीकडून कळलं. माझ्या भावाला जाऊन महिना झाला नाही, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी त्याचे विज्ञानाचे तास तुझ्याच गळ्यात मारले म्हणे! तू गणिताची बाई, नाही म्हणायचंस. पण तुझ्या तोंडून 'नाही' निघेल तर शपथ.

शेजारीण म्हणाली, तू अजून रडली नाहीस. नाही तर नाही. पण जेवतेस का, ते लिही. माझं ऐकशील तर राजीनामा दे आणि इकडे ये. मी निवृत्त, घर रिकामं. भांडायला कुणीतरी हवंच आहे.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी थोरली नणंद

११ जानेवारी

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जेवते. काय जेवले ते संध्याकाळी आठवत नाही.

काल नववीला हवेच्या प्रसरणाचा प्रयोग दाखवला. रिकाम्या काचेच्या चंबूला बूच लावायचं, बुचातून काचेची नळी काढायची, चंबू उलटा धरून नळीचं टोक लाल शाईच्या पाण्यात बुडवायचं. तळहातांच्या उबेने आतली हवा पसरते आणि नळीतून बुडबुडे येतात. मुली सांगत होत्या, सरांनी नुसता हात लावला की बुडबुडे सुरू. दिवा कधी पेटवावाच लागला नाही.

मी धरला. काही झालं नाही. बूच घट्ट केलं, पुन्हा धरला. एकही बुडबुडा नाही. मला लाजही वाटली नाही, ताई. बसची वाट बघावी तशी उभी होते. शेवटी पुढच्या बाकावरची मुलगी उठली, माझ्या हाताला हात लावून म्हणाली की बाई फारच गार पडल्यात. तिने मैत्रिणीला बोलावलं आणि दोघींनी चंबू चारी तळव्यांत धरला. एक बुडबुडा आला, मग रांगच लागली. टाळ्या पडल्या.

हात काढल्यावर पाणी नळीत वर चढलं. मी समजावलं की हवा गार झाली की आकसते, जागा कमी व्यापते, म्हणून पाणी आत येतं. सगळं बरोबर सांगितलं, पण आवाज शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा ऐकू येत होता. एकीने विचारलं, हे परीक्षेला आहे का. आहे, म्हटलं.

राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. द्यायला हरकत नाही, न द्यायलाही नाही.

प्रकृतीला जपावं, लोभ ठेवावा.
तुमची भावजय

१७ जानेवारी

प्रिय मास्तरीणबाईंस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता गॅसवरची भाजी करपली. मग उगाच भाजीवर चिडले आणि तिथेच, हातात झारा घेऊन, बसकण मारून रडले. तुझ्या वाटणीचंही थोडं रडले असेन.

खरं सांगू? इकडे ये म्हटलं ते तुझ्या काळजीने कमी आणि माझ्या स्वार्थाने जास्त. भाऊ दर रविवारी फोन करायचा. आता रविवारी घर खायला उठतं. पण माझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडू नकोस. तुझं तू ठरव. मी रुसणार नाही. रुसलेच तर दोन दिवस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी नणंद

२३ जानेवारी

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

राजीनामा फाडला. फार विचारबिचार केला नाही. नववीच्या दुसऱ्या तुकडीला प्रयोग दाखवायचा राहिलाय, त्या मुली रोज मला जिन्यात अडवतात. मला अजून काही वाटत नाही. वाटेल तेव्हा वाटेल, तोवर शिकवते.

शनिवारच्या गाडीने तुम्हीच या. राहायच्या बेतानेच या. ह्यांचं कपाट अजून बंद आहे. किल्ली समोरच असते, रोज दिसते. पण ते एकटीने उघडायचं नाही, एवढं मात्र मला पक्कं कळतंय.

वाट पाहते. लोभ घेऊनच यावं.
तुमची
मास्तरीण