बाविसावं मिनिट

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजही तुटलं. बरोबर बाविसाव्या मिनिटाला — घड्याळ लावून बसले होते. आधी डाव्या मनगटाखाली चटका, मग चित्र अडखळतं, मग नेट गायब. लॅपटॉप गार झाला की आपोआप परत येतं, जसं काही झालंच नाही.

शुक्रवारी अकराला मुलाखत. शेवटची फेरी, पाऊण तास. जुने नकाशे दुरुस्त करायचं काम — माझं काम, सहा वर्षांपूर्वी सोडलेलं. इथून रेल्वेने एका रात्रीचा प्रवास. तोवर आहेच, या टेबलाशी बसून विम्याचे अर्ज तपासणं.

आईला सांगितलं. "हो का," म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

मंगळवार, ४
दुरुस्तीवाला येऊन गेला. वायफायचं कार्ड आतच असतं म्हणे, नेमकं तिथे, जिथे मला चटका बसतो. तापलं की ते नेट सोडतं. त्याने पंख्यातली धूळ काढली, सेटिंग बदललं. बाहेरून लावायचं छोटं वायफाय मागवतो म्हणाला, पण ते येणार पुढच्या आठवड्यात. वरातीमागून घोडं.

आई वॉकरला टेकून बघत होती. "ताप डोक्याला आणि हा तपासतोय पोट," म्हणाली. तो हसला. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी पुन्हा बावीस मिनिटं.

बुधवार, ५
सापडलं!

लॅपटॉप पुसायला उचलला तर खाली आईने विणलेला रुमाल. आमच्याकडे टीव्हीवर रुमाल, मिक्सरखाली रुमाल, पाण्याच्या जगवरसुद्धा रुमाल. हा इतका टेबलाच्या अंगचाच झाला होता की चार महिन्यांत दिसलाच नाही. खालच्या जाळीवर तंतोतंत बसलेला. गरम हवा जाणार कुठून?

काढला. एक तास दहा मिनिटं नेट हललं नाही. मनगटाखाली गार.

आनंद व्हायचा तर माझं डोकं फिरलं. "मुद्दाम ठेवलास."
"टेबलाला चरे पडतात गं."
"मी जाऊ नये म्हणून ठेवलास."

बोलून गेले. चार महिन्यांपूर्वी ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून हे वाक्य पोटात होतं. ती वळून निघाली. तिच्या खोलीत जाताना वॉकरचा आवाज बराच वेळ येत राहिला.

गुरुवार, ६
दादाचा परदेशातून फोन. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." नेहमीचं. मुलाखतीचं सांगितलं तर म्हणाला, "बघ बाई, तुला पटेल ते कर. पण आईचं काय?" मग त्याला मीटिंग आली.

आईने आज एकटीने आंघोळ केली. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी. बाहेर आली ती धापा टाकत, पण तोंडावर विजय. "बघ. जमतं."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. टॉवेल हातात तसाच राहिला.

शुक्रवार, ७
सगळं छान चाललं होतं. नकाशाच्या घडीवर कागद कुजला असेल तर काय कराल, असं विचारलं. मी बोलतच सुटले. पडद्यावरचे तिघेही मान डोलवत होते. मग मधल्या बाई म्हणाल्या, "रुजू कधीपासून होऊ शकाल?"

आणि तुटलं. बाविसावं मिनिट.

आईला दारातूनच सांगितलं. ती पलंगावर बसून होती. एवढंच म्हणाली, "माझ्यामुळे. माझ्या रुमालाने ते कायमचंच बिघडलं."

मी नाही म्हटलं नाही.

शनिवार, ८
आई सकाळपासून तो रुमाल उसवत बसली आहे.

रविवार, ९
रुमाल संपून दोऱ्याचा गुंडा झाला. आता टीव्हीवरचा घेतलाय. "राहू दे गं," म्हटलं तर म्हणते, "नको, तोही कुठेतरी नडेल."

सोमवार, १०
दुरुस्तीवाला लॅपटॉप घेऊन गेला. मी बोलावलं नव्हतं. आईने बोलावलं.

मंगळवार, ११
दुपारी त्याने परत आणून दिला. आईसमोरच म्हणाला, "कार्ड ठणठणीत आहे हो ताई, चार तास चालवून बघितलं. आणि शुक्रवारी ते तापून तुटलेलं नाही. नेट कधी आणि कशाने गेलं याची आत नोंद राहते. अकरा बावीसला कुणीतरी हाताने बंद केलंय."

तो गेला. आईने मांडीवरच्या गुंड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग मी का गं उसवले?"

काय सांगणार? की बाईंनी विचारलं आणि मला जाता येत होतं, खरंच जाता येत होतं, आणि बोट आपोआप बटणावर गेलं? सांगितलं तेच. रडत सांगितलं.

तिने उशाचा मोबाईल माझ्यापुढे धरला.

"त्या बाईंना लाव. यावरून लाव, हा तापत नाही."