देवघराचं दार

कामोठे, ४ ऑगस्ट २०२५

ती. सत्यभामाताईस,
गोजराचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे मोठ्याने बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

हे गेल्यावर नातीला, श्रुतीला, मी सांगितलं की आजोबा देवाघरी गेले. पुढच्याच आठवड्यात तिने खरकट्या हाताने वरणभाताची ताटली देवघरात सारली. देव बाटवलेस म्हणून मी तिच्या थोबाडीत दिली. घरात कोणी नव्हतं. तेव्हापासून पोर बोलत नाही.

सूनबाई मीना तिला नेरूळला खेळाच्या ताईंकडे नेते. तोंडाने सांगता येत नाही ते मुलं तिथे खेळातून दाखवतात. परवा मीही गेले. श्रुतीने म्हातारा बाहुला खोक्यात ठेवला, दार उघडून त्याला भात दिला. तेवढ्यात पदरवाल्या बाहुलीने छोटीला मारलं.

मला तिथेच कळलं. मीनाला वाटलं, पदरवाली म्हणजे पाळणाघरातल्या पुतळाबाई. तिने श्रुतीला तिथून काढलं. मी गप्प बसले, ताई.

रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझी गोजरा

दापोली, ११ ऑगस्ट

चि. गोजरास,
अ. उ. आ.

एवढी पुस्तकं वाचतेस आणि चार शब्द बोलताना जीभ लुळी पडते होय गं? पोरं सांभाळून पोट भरणाऱ्या बाईचं नाव घालवलंस. आधी मीनाला सांग. सुनेपुढे मान खाली घालावी लागली तर घाल, तुटत नाही. आणि पोरीला सरळ सांग, आजोबा मेले. तो शब्द आपण टाळतो, तिथेच तिचा घोटाळा झाला.

जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

कामोठे, २० ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मीनाला सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, आई, मी त्या बाईंची पोलिसांत तक्रार करणार होते. पुतळाबाईंकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी आत या म्हटलं नाही. बरोबरच आहे.

मग श्रुतीला जवळ बसवून म्हटलं, आजोबा मेले, ते देवघरात नाहीत. यांच्याबद्दल हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. महिन्याभराने पोरीने तोंड उघडलं. विचारलं, मग ते जेवतात कुठे? म्हटलं, मेलेल्या माणसाला भूक लागत नाही. दोघी खूप रडलो. रडताना तिने विचारलं, तू परत मारशील? नाही म्हटलं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि उठून मीनाच्या कुशीत गेली.

माझ्याकडे ये, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

तुझा तरी लोभ राहू दे.
गोजरा