दोघांपुरता भात

अहो,

कुकर उघडल्यावर दचकू नका आणि 'भात एवढाच?' म्हणून फोनही करू नका. मुद्दामच दोघांपुरता लावलाय. आमटी गरम करून घ्या, भेंडी झाकून ठेवलीय. मी काशीगावला ताईकडे जातेय, अंधार पडायच्या आत येते.

आपल्या निशूने लग्नाआधी माझ्या मोबाइलमध्ये कॅलरी मोजायचं ते अ‍ॅप टाकून दिलं होतं ना, ज्याला तुम्ही हसत होतात? ते मी महिनाभर अगदी इमानदारीत भरलं. तरी वजन काही हलेना. काल डोक्यात प्रकाश पडला. ताटातलं सगळं लिहितेय, पण पातेल्यातलं कोण लिहिणार? तुम्हाला शिळं चालत नाही, मला अन्न टाकवत नाही. मग मागचं आवरताना उरलेला भात, पोळी, तळाची भाजी, सगळं ओट्यापाशी उभ्याउभ्या माझ्याच पोटात जातं. काल ते आधी वजनकाट्यावर ठेवून बघितलं. अहो, अख्ख्या एका माणसाचं जेवण निघालं!

आणि माणूस कोण, तेही कळलं. निशू सासरी गेली, पण माझा हात अजून तिघांचंच माप घेतोय. तिच्या वाटणीचं मी जेवतेय.

तेव्हा आजपासून लहान कुकर. भूक राहिली तर काकडी चिरून घ्या, फ्रिजमध्ये आहे. मोठा कुकर धुऊन खालीच ठेवलाय, तो माळ्यावर टाकू नका. पोरगी कधी न कळवता दारात उभी राहील, सांगता येत नाही.

उर्मिला